उपाशी उंदरांचा खुलासा

तात्या, तुमच्या उंदरांच्या खोलीचं दार आता बोटाच्या ठशानं उघडतं. ठसा जुळला नाही की ते असं काही ओरडतं की खालच्या मजल्यावरचे शिपाई वर बघतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आत काय सोनं पुरून ठेवलाय व्हय?" आपली पत्र्याची शेड पाडली, तिथं आता गाड्या लागतात. नव्या इमारतीत उंदरांना एसी आहे आणि आम्हा प्राध्यापकांना पंखे. दिवे ठरल्या वेळी आपोआप लागतात, आपोआप विझतात. पिंजऱ्यात अंथरायचं भाताचं तूस गेलं, मक्याच्या कणसांचा भुगा आला. मी आता आपल्या विभागाची प्रमुख आहे आणि पुढच्या वर्षी निवृत्त होईन. गुडघे सोडले तर सगळं बरं चाललंय. सकाळी रंकाळ्यावर एक फेरी होते, दुपारच्या डब्यात अजून झुणका असतो आणि विद्यार्थी मला घाबरतात पण टाळत नाहीत. याहून जास्त काय हवं असतं माणसाला?

आज तुम्हाला लिहायला बसले ते एका मुलीमुळं. ही कबनूरची, माझ्याकडे पीएचडी करते. घरी यंत्रमाग. खटक्याच्या आवाजात अभ्यास करून वर आलेली पोर आहे, त्यामुळं कशानं दचकत नाही. पण तिच्या डोक्यात एक पक्कं बसलंय, की एकच सूत, एकच माग, तर कापडही एकसारखंच निघायला पाहिजे. तिचे उंदीर पिढ्यानपिढ्या भावाबहिणींतच जुळवलेल्या वंशातले, म्हणजे एकमेकांचे जवळजवळ जुळेच. वय एक, खाद्य एक, पाणी एक. आणि पहिल्याच दिवशी, औषधाचा थेंबही पोटात जायच्या आधी रक्तातली साखर मोजली, तर कुणाची एवढीशी, कुणाची कितीतरी वर. कागद माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "मॅडम, हे उपाशी नव्हतेच. मावशींनी खाद्य काढायचं राहिलं असणार. तुम्ही त्यांना लेखी विचारा." पिंजरे बघणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मी सहालाच काढलोय की वं खाद्य. शप्पत."

तात्या, मी त्या मुलीवर अशी ओरडले की मावशीच घाबरल्या. "तू बघितलंस? तू होतीस तिथं सहाला?" असं काहीबाही. मग पाणी प्याले, दोघींना खाली बसवलं, चहा मागवला आणि तुमची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मी दरवर्षी सांगते. कशी सांगते ते पुढं सांगेन.

मी तुमच्याकडे आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. शहरातली, मास्तरांची मुलगी, वर्गात पहिली येणारी आणि तो तोरा नाकावर घेऊन फिरणारी. तुमचं पद कागदावर शिपाई. वारणेकाठच्या गावाहून पहिल्या एसटीनं यायचात, घरी दोन म्हशी होत्या, डोक्यावर पांढरी टोपी आणि खिशात सुपारीची पुडी, जी शेडमध्ये शिरण्याआधी बाहेरच्या खिडकीत ठेवून द्यायचात. पहिल्या दिवशी तुम्ही मला उंदराला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "आदी बस," म्हणालात, "त्यास्नी तुजा वास कळू दे." मी स्टुलावर बसून होते, पदवी घेतलेली बाई, आणि तुम्ही तूस बदलत होता. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून विचारलं, की असं किती दिवस? तेव्हा तुम्ही तुमच्या म्हशीचं सांगितलंत. धार काढणारा हात बदलला की ती पान्हा चोरते. "आनि ह्यो तर एवढासा जीव. त्येला आवाज येतोय, वास येतोय, तुजी भीतीबी कळती त्येला."

तुमचे नियम मला तेव्हा म्हाताऱ्याचे चाळे वाटायचे. मोजायच्या दिवशी डोक्याला तेल नको, तोंडाला पावडर नको. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, अत्तर लावून यायचे. ते येऊन गेले की तास दीड तास काही मोजू द्यायचा नाहीत. वरच्या फळीवरचे पिंजरे ट्यूबलाइटजवळ, म्हणून दर आठवड्याला वरचे खाली आणि खालचे वर. पिंजरे धुतले की दुसऱ्या दिवशी मोजणी बंद. "नव्या जाग्यात मानसालाबी झोप लागत न्हाय," हे त्यावरचं स्पष्टीकरण. आता या एकेका गोष्टीवर परदेशात कुणी ना कुणी लिहितं. मुलं मला ते लेख उत्साहानं आणून दाखवतात, मॅडम, पिंजऱ्याची जागासुद्धा आकडा बदलते. मी मान डोलावते. मनात म्हणते, अरे, हे आमच्या तात्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलंय.

पण ते शहाणपण नंतरचं. तेव्हा माझं काम असं होतं: मधुमेहावर एका झाडाच्या पाल्याचा अर्क द्यायचा आणि साखर उतरते का बघायचं. तीस उंदीर, पाच पिंजरे, एकेकात सहा. पहिल्या पिंजऱ्याला नुसतं पाणी, मग पिंजऱ्यागणिक अर्क वाढत जाणार, पाचव्याला सगळ्यांत जास्त. सुरुवातीची साखर मोजायच्या दिवशी सकाळी सहाला तुम्ही मोठ्या खोक्यातलं खाद्य काढलंत, दुपारी बाराला मी आले. खोक्यात हात घातला, जो हाताला लागला तो उचलला, शेपटीच्या टोकाचा थेंब घेतला आणि उंदीर पहिल्या पिंजऱ्यात टाकला. सहा झाले की दुसरा पिंजरा. शेवटचे सहा काही केल्या सापडेनात. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नुसती पळापळ. घाम गाळून पकडले ते पाचव्या पिंजऱ्यात गेले. तुम्ही दारात उभे राहून बघत होता. काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि मी म्हटलं, "तात्या, मध्ये बोलू नका, मोजमाप चुकेल." आठवतंय मला. अक्षर न् अक्षर आठवतंय.

आकडे काढले तर जिन्यासारखे. पहिल्या पिंजऱ्यात साखर सगळ्यांत कमी, पाचव्यात सगळ्यांत जास्त, आणि औषध तर अजून बाटलीतच. सर भडकले. "हे उंदीर उपाशी होते? असं कसं होईल?" मी त्यांच्यासमोर उभी, हातात वही. मला तेव्हा "माहीत नाही" म्हणता आलं असतं. पण वर्गात पहिली येणाऱ्यांना ते दोन शब्द येत नसतात. मी म्हटलं, "तुसात खाद्याचे तुकडे राहिले असतील, सर. तात्यांनी नीट साफ केलं नसेल. काही उंदरांनी ते खाल्लं असणार." एका दमात. मी नुसता अंदाज केला होता, पण सरांच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याचा आरोप झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला मेमो मिळाला. कामात हलगर्जी, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला मेमो, असं मला ऑफिसातल्या कारकुनानं सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तीन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी म्हणालात, "पोरी, उद्या सकाळी सहाला ये." त्याआधी तुम्ही मला ताई म्हणायचात. पोरी तेव्हापासून. मी सायकल मारत आले. तुम्ही डझनभर उंदरांचं एक खोकं पुढं ठेवलंत, आणि सगळं माझ्याकडून करून घेतलंत: खाद्य मी काढलं, जुनं तूस मी फेकलं, नवं मी चाळून, निवडून घातलं. तुम्ही हात मागे बांधून उभे. बाराला म्हणालात, "आता काढ, तुज्या पद्धतीनं." मी काढले. पहिला निमूट हातात आला. शेवटच्यानं दहा मिनिटं नाचवलं. रक्त घेतलं, रंगावरून साखर मोजणाऱ्या कलरीमीटरवर लावलं. पुन्हा तोच जिना. मी आकडे बघत होते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे.

"खाद्य कुनी काढलं?"

"मी."

"तूस कुनी बदललं?"

"मी."

"मग मेमो कुनाला द्याचा?"

आणि मग हसलात. रागानं नाही, अगदी खुशीत, टोपी काढून डोकं खाजवत. "उपाशी मी ठेवलोतो पोरी, पळवलीस तू त्यास्नी. तू स्वता राजारामपुरीपास्नं बिंदू चौकापतोर पळत जा आनि मग रगत दे, बग काय येतंय. पयला गवसतोय त्यो गरीब, न्हायतर सुस्त. शेवटचा असतोय त्यो बेरकी, आनि भ्यालेला. भ्यालं की साकर चडती. तू गरीब गरीब एका घरात घातलीस आनि बेरकी सगळं दुसऱ्या घरात. मग ती घरं सारकी कशी असतील?"

मी विचारलं, मग निवडायचे तरी कसे? "तू निवडूच नको," म्हणालात. "तुजा हात लबाड हाय. तुजाच न्हाय, समद्यांचाच असतोय. सोपं दिसंल ते आदी उचलतोय." तीसही उंदरांच्या अंगावर पिवळ्या रंगानं खुणा करायला लावल्यात, दोन दिवस त्यांना निवांत राहू दिलंत, आणि मग कॅलेंडरच्या पानाच्या तीस चिठ्ठ्या करून तुमच्या टोपीत टाकल्यात. कुठला उंदीर कुठल्या पिंजऱ्यात हे टोपीनं ठरवलं. रक्त कुणाचं आधी घ्यायचं, तेही टोपीनंच. आत खोबरेल तेलाचा वास होता त्या टोपीला. संशोधनाची पद्धत नावाचा एक मोठा जाड ग्रंथ मी परीक्षेसाठी पाठ केला होता, आणि त्यातलं गट कसे पाडायचे हे प्रकरण मला त्या टोपीत हात घातल्यावर कळलं.

यावेळी पाचही पिंजऱ्यांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या. एकेका पिंजऱ्यातले सहा उंदीर मात्र एकमेकांसारखे नव्हतेच, कुणी वर, कुणी खाली. मी कुरकुरले तर म्हणालात, "ती तशीच असनार. जीव हाय त्यो, ठोकळा न्हवं." अर्काचा गुण जेमतेम निघाला. पहिलेच गट ठेवून मी पुढं गेले असते, तर पाचव्या पिंजऱ्यातले भ्यालेले उंदीर महिनाभरात माझ्या हाताला सरावले असते, त्यांची साखर आपसूक उतरली असती, आणि मी पेढे वाटून सांगितलं असतं की औषध लागू पडलं. एका पाल्याला मी उगाच देवत्व दिलं असतं आणि कुणीतरी आपल्या गोळ्या सोडून तो पाला चावत बसलं असतं. तुम्ही माझी पदवी वाचवलीत असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं तर तुम्ही त्या न बघितलेल्या माणसाला वाचवलंत.

नव्या आकड्यांची वही घेऊन मी सरांकडे गेले. आदल्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं, "तात्या, सरांना खरं सांगू?" तुम्ही म्हणालात, "सांग की. न्हाय कोन म्हंतंय?" मी ठरवूनच गेले होते. सरांनी वही चाळली, खूश झाले आणि म्हणाले, "बघितलंस? मेमो दिल्याबरोबर म्हातारा कसा सरळ झाला. आकडे लगेच सुधारले." आणि मी गप्प बसले. प्रबंध द्यायची तारीख जवळ होती, विभागात अधिव्याख्यात्याची जागा निघणार होती आणि ती सरांच्या हातात होती. कारणं बरीच होती. भित्री होते, एवढं एकच खरं. सर बोलले तेव्हा तुम्ही दारात चहाचे कप घेऊन उभे होता. सगळं ऐकलंत. बाहेर आल्यावर मी तुमच्याकडे बघेना, तर म्हणालात, "च्या घे. गार व्हतोय." बास. त्यानंतर तुम्ही निवृत्त होईपर्यंत आपण रोज भेटलो, मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही घरच्या दुधाची बासुंदी आणलीत, आणि त्या मेमोचा विषय एकदाही निघाला नाही. सर मात्र पुढं कितीतरी वर्षं नव्या माणसांना सांगायचे, की उंदरांच्या आकड्यांवर मेमोसारखं औषध नाही. लोक हसायचे. मी चष्मा पुसायची.

तुम्ही गेलात तेव्हा मी गावी आले होते. तुमच्या घरच्यांनी मला आत नेऊन बसवलं. काकू म्हणाल्या, "तुमचं लई कवतिक सांगायचं बगा. आमची पोरगी कालेजात मास्तरीन झालीया म्हनायचं." समोर ताट होतं. मी खाली बघून भाकरी कुस्करत राहिले.

तर ही गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते. टोपी नाही, स्टीलच्या वाडग्यात चिठ्ठ्या असतात. संगणकावर सेकंदात होणारं काम मी पहिल्या वर्षी मुद्दाम हातानं करून घेते. तुमचा सगळा भाग मी जसाच्या तसा सांगते, तुमच्या बोलीत सांगते, आणि चांगलं सांगते असं मुलं म्हणतात. फक्त सुरुवात अशी करते: "आपल्याच विभागात फार पूर्वी एक मुलगी होती." मुलं त्या मुलीला हसतात. मीही हसते. इतक्या वर्षांत कुणी त्यापुढं काही विचारलं नव्हतं. आज कबनूरच्या त्या पोरीनं आधी मावशींची माफी मागितली, सरळ, माझ्यादेखत, "मावशी, मी न बघता बोलले, चुकलं माझं," असं म्हणून. मावशी म्हणाल्या, "असूंदे गं, लेकरू हाईस." आणि मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, त्या मुलीनं नंतर सांगितलं का सरांना? त्या तात्यांचा मेमो रद्द झाला का?"

मी म्हटलं, "विचारून सांगते."

विचारून सांगते! ती गेल्यावर पाच मिनिटं मी स्वतःवरच हसत बसले होते. मग उठले आणि खाली ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, "मॅडम, मयत मानसाची फाइल कशाला पायजे आता?" पण जुन्या सेवापुस्तकांचं कपाट त्यानं उघडलं, आणि तुम्ही सापडलात, सुतळीनं बांधलेले. मेमो होता. त्याखाली तुमचा खुलासा होता. त्या वेळच्या कारकुनाच्या अक्षरात, खाली तुमची मोठी, वळण घेऊन घेऊन केलेली सही. मी तो खुलासा आज पहिल्यांदा वाचला. "खाद्य वेळेवर काढले होते. उंदीर उपाशी होते. नवीन माणसाने धरले की उंदीर घाबरतात व पळतात, त्यामुळे असे होते. यात कुणाचा दोष नाही. ताई नवीन आहेत, शिकतील." आणि कोपऱ्यात सरांचा लाल शेरा: समज देण्यात आली.

त्या वर्षी आमच्या विभागातून निघालेलं सगळ्यांत खरं विधान त्या कागदावर होतं, तात्या, आणि ते कुणी वाचलंच नाही. मी तर सगळ्यांत शेवटी वाचलं. ऑफिसातच रडले थोडी. कारकुनानं पंखा वाढवला. त्याला वाटलं, मला उकडतंय.

मग विभागप्रमुख म्हणून मला जे करता येतं ते केलं. लाल शेऱ्याखाली निळ्या शाईनं लिहिलं: "सदर खुलासा योग्य आहे. उंदीर उपाशी होते. चूक माझी होती." खाली सही, तारीख, शिक्का. फाइल पुन्हा सुतळीनं बांधून कपाटात ठेवायला दिली. त्यानं कुणाचं काय बदललं म्हणाल तर काही नाही. पण घरी येताना फार बरं वाटत होतं. गाडीवर गुणगुणत होते, सिग्नलला शेजारचा माणूस बघायला लागला. उद्या दहा वाजता ती मुलगी उत्तर विचारायला येणार आहे. तिला सांगेन.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? तुमच्या फाइलीत ठेवलं तर कारकून त्याला आवक क्रमांक देईल. राहू दे माझ्याच कपाटात. पण एक सांगायचं राहिलं. त्या शेऱ्यातलं "माझी" मी दुसऱ्यांदा लिहिलंय. आधी तिथं "एका विद्यार्थिनीची" असं लिहिलं होतं. ते खोडलं आणि वर "माझी" लिहिलं. सरकारी कागदावर खाडाखोड केली की शेजारी छोटी सही करावी लागते, म्हणून त्या पानावर माझ्या दोन सह्या आहेत.